मोहनरावांच्या कानातली बुचं

निरवांगीच्या मोहनरावांचा संसार तसा आटोपशीर आहे. तीन एकर पेरू, एकरभर दोडका-कारली, एक बायको, एक धाकटा भाऊ आणि एक काळी मोटारसायकल. पेरू भाऊ बघतो, दोडका बायको बघते आणि मोटारसायकल मोहनराव बघतात. माल टेम्पोनं बाजारात जातो. दर फोनवर कळतो. तरीही मोहनराव रोज सकाळी बारामतीला जातात, कारण दर फोनवर कळत असला, तरी तो सांगताना व्यापाऱ्याचं तोंड कसं झालं होतं ते फोनवर कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून हा पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ निमसाखर, अंथुर्णे करत बारामती गाठतो, व्यापाऱ्याचं तोंड बघतो आणि फोनवर कळला होता तोच दर घेऊन घरी येतो. ह्याला ते शेती म्हणतात.

आता एवढ्या रस्त्यानं रोज एकच माणूस जातो-येतो म्हटल्यावर रस्त्याकडेची जनता त्याला मोकळा सोडेल कशी? कुणाला पाण्यातल्या मोटारीचं बेअरिंग हवं असतं, कुणाला बीपीच्या गोळ्या, कुणाच्या सुनेचा ब्लाऊज शिंप्याकडं महिनाभर अडकलेला असतो. एकदा तर कुणीतरी फेटे बांधणारा माणूसच आणायला सांगितला. मोहनरावांनी तो आणला. वर त्याला परतही सोडून आले.

आणि हे सगळं चालतं हाकेवर. आमच्याकडं ओळखीच्या माणसाला हात करून थांबवत नाहीत. हात एसटीला करायचा, वाळूच्या ट्रॅक्टरला करायचा. आपल्या माणसाला हात करणं म्हणजे त्याला भाड्याच्या गाडीत जमा करणं. आपल्या माणसाला हाक मारायची, आणि तीही तो पुढं निघून गेल्यावर. तो समोरून येताना नुसतं बघत राहायचं. आपलं काम काय आहे ते आठवायचं. गाडी पार ओढ्याच्या मोरीपर्यंत गेली की मग छातीतून आवाज काढायचा, "ओ मोहनराऽऽव!" मग मोहनराव ब्रेक मारणार, दोन्ही पाय जमिनीला टेकवणार आणि बदकासारखे गाडी मागं ढकलत येणार. हे मागं येणं म्हणजे मान. जो मागं येतो तो आपला. जो येत नाही त्याच्याबद्दल संध्याकाळी पारावर बोललं जातं.

तीसेक वर्षं मोहनराव असे मागं येत राहिले. मग रस्ता रुंद झाला, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

जुन्या रस्त्यावर खड्ड्यांनीच मोहनरावांना आवरून धरलं होतं. नवा रस्ता पाटासारखा गुळगुळीत. मोहनरावांचा काटा पन्नासावरून ऐंशीवर गेला आणि तिथंच राहायला लागला. शिवाय स्वभाव शर्यतीचा. तरुणपणी ते इंदापूरच्या एसटीशी शर्यत लावायचे. ड्रायव्हरला ते माहीत नसायचं, हा भाग वेगळा. अजूनही कुणी त्यांना मागं टाकून गेलं, तर आपल्या अंगणातून कोंबडी उचलून नेल्यासारखं त्यांना वाटतं. मग ते त्या कोंबडीच्या मागं लागतात. डोक्यावर हेल्मेट असतं, पण ते भावाच्या मापाचं. भावाचं डोकं मोठं. त्या ढगळ हेल्मेटमध्ये वारा शिरून तासभर असा घुमतो, की पिठाची गिरणी डोक्यावर घेऊन निघाल्यासारखं व्हावं.

दोन-तीन वर्षांत मोहनराव तक्रार करू लागले. "राव, कानात डीपी बसलीय."

शेतातल्या ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की जो एकसारखा गूंऽऽ आवाज येतो, तो ह्यांच्या कानात. सकाळी जरा कमी. बारामतीहून आले की पूर्ण दाबानं. त्या दाबात बाहेरचं काही ऐकू येईना. घरात बनाबाईंना ओरडून बोलावं लागे. बनाबाई म्हणजे त्यांची बायको. मूळची बारीक आवाजाची बाई. तिचा आवाज दोन वर्षांत ग्रामपंचायतीच्या भोंग्यासारखा झाला. जेवताना तिनं "मीठ बरोबर हाय का?" म्हणून विचारलं, की मोहनराव जेवत राहायचे आणि समोरच्या घरातून आत्याबाई उत्तर द्यायच्या, "आमच्यात बरोबर हाय! तुमच्यात काय केलंय आज?"

ह्या आत्याबाईंना तर जणू घरबसल्या रेडिओ लागला. दोडक्याचा दर, भावकीतली कुरबूर, मोहनरावांचं पोट साफ झालं का नाही, सगळं ताजं. बनाबाईंना जावेबद्दल दोन शब्द बोलायचे असले, तर ते जावेच्या देखतच बोलल्यासारखे. माझ्यापुढं एकदा त्या कळवळून म्हणाल्या, "भावजी, नवऱ्याशी हळू बोलले त्याला किती वरसं झाली ते आठवत न्हाय बगा. भांडान सुदीक गावाला इचारून केल्यावानी वाटतंय."

शेवटी पुतण्या त्यांना बारामतीला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. बरोबर मीही होतो. पुतण्या अविराज. एमआयडीसीत कामाला आहे आणि रविवारी मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यतीत पळतो. घराण्याचा रोग. डॉक्टर म्हणजे श्रेया मॅडम, शांत बाई. त्यांनी मोहनरावांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं आणि सांगितलं, "टुई असा आवाज आला की दाबायचं."

मोहनरावांनी बटण दाबलं ते सोडेचनात.

"अहो, मी अजून आवाज सुरूच केलेला नाही."

"तुमी नसंल केला. ह्यो चालूच हाय की."

तपासणी उरकायला दुपार झाली. मॅडमनी समजावलं ते असं. हा त्रास इंजिनचा नाही, वाऱ्याचा आहे. वेग वाढला की हेल्मेटमधला वारा इंजिनपेक्षा मोठा होतो. डाव्या कानाचं थोडं गेलं आहे, ते परत येणार नाही. उजवा अजून चांगला आहे. संध्याकाळी जो बहिरेपणा येतो तो कानाचा थकवा आहे, तो अजून उतरतो. असंच चालू राहिलं तर एक दिवस उतरायचा थांबेल. "एक तर सावकाश चालवा, नाहीतर कानात इअरप्लग घाला. खरं म्हणजे दोन्ही करा. आणि हेल्मेट आपल्या मापाचं घ्या."

मोहनराव बाहेर येऊन मला म्हणाले, "ऐकाय येत न्हाय म्हणून हितं आलो, आन् बाई म्हणत्यात कान बंद करा. शिकल्याली हाय न्हवं ही?"

"आण्णा," अविराज म्हणाला, "रेसिंगवाले सगळे घालतात. मीपण घालतो."

"रेसवालं घालत्यात?"

"बुचांशिवाय ट्रॅकवर उतरत नाही कुणी."

मोहनरावांनी छाती पुढं काढली. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय!" सावकाश चालवण्याचा विषय तिथंच दवाखान्याच्या पायरीवर राहिला.

त्यानंतर बुचं निवडण्याचा जो कार्यक्रम झाला, तो मी डोळ्यांनी बघितला आहे आणि पुन्हा बघायची माझी तयारी नाही. लग्नाला मुलगी बघताना ह्या माणसानं पहिल्याच घरी होकार दिला होता. बुचांना मात्र पसंतीच येईना.

पहिला उपाय बनाबाईंचा, घरचा, तेलात भिजवलेल्या कापसाचे बोळे. त्यानं वारा काही अडला नाही, हेल्मेटला मात्र फोडणीचा वास लागला. मॅडमनी फोनवरच हात जोडले.

मग अविराजनं स्पंजची नारिंगी बुचं आणली. मऊ, हलकी. मोहनरावांनी ती सिमेंटच्या हौदाला फडकं कोंबतात तशी अंगठ्यानं कोंबली आणि गाडीला किक मारली. एक बूच चावडीपाशी पडलं, दुसरं बारामतीत चहाच्या कपात. पडलेलं उचलायला गेले, तर कोंबडीनं ते मक्याचा दाणा समजून उचललं होतं. संबंध गल्लीत कोंबडी पुढं आणि मोहनराव मागं. दोघांपैकी कुणालाच हाका ऐकू येत नव्हत्या.

"आण्णा, तसं नाही घालायचं," अविराजनं धडा दिला. "आधी बोटांनी वळून वातीसारखं बारीक करायचं. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा, कान वर आणि मागं ओढायचा. मग आत सरकवायचं आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचं."

मोहनराव अंगणात उभे राहून रोज सकाळी ही कवायत करू लागले. डोक्यावरून हात, हातात कान, डोळे मिटलेले. समोरून आत्याबाई: "बनाबाई, काय केलं गं त्यानं? कान कशाला धराय लावलास?"

ह्या रीतीनं बुचं बसली, वारा थांबला. पण मोहनरावांच्या कानाचं भोक निघालं बारीक. तासाभरानं ते स्पंज आतून असं दाबायला लागायचं, की कुणीतरी कानात खुंटी ठोकतंय. शिवाय वर राहिलेलं टोक हेल्मेटला टेकायचं. अंथुर्ण्याला पोचेपर्यंत तोंड वाकडं. लोकांना वाटलं, ह्यांना व्यापाऱ्याचं तोंड आत्ताच दिसलं की काय!

मग आली रबराची, एकावर एक तीन छत्र्या असलेली, गळ्यात दोरी अडकवायची. मोहनरावांना दोरी फार आवडली. हरवायची भीती नाही. पण त्यांनी दोरी हेल्मेटच्या पट्ट्यात गुंतवली, बाजारात पोचल्यावर झोकात हेल्मेट उपसलं, आणि दोन्ही बुचं फटाक्यासारखा आवाज करून बाहेर आली. त्यांच्याबरोबर डोळ्यांतून पाणीही. व्यापारी म्हणाला, "मोहनराव, रडताय कशापायी? अजून दर सांगितला न्हाय."

मग मेणासारखी, कानाच्या तोंडावर थापायची. ती पोहणाऱ्या माणसांसाठी असतात, हे पाकिटावर लिहिलं होतं. पण मोहनराव पाकीट वाचण्यावर विश्वास ठेवत नाहीत. बारामतीचं वैशाखातलं ऊन, वर काळं हेल्मेट. घरी आले तेव्हा कानावरच्या केसांत मेण लोंबत होतं. बनाबाईंनी कात्री घेतली.

"ऱ्हाऊ द्या आता," मोहनराव मला म्हणाले. "आपल्या कानाच्या नशिबात डीपीच हाय."

मी वैतागून म्हणालो, "अहो, शर्ट तुम्ही मापाचा शिवून घेता. कान काय रेडिमेड आहेत?"

हे मी चिडून बोललो होतो, पण श्रेया मॅडमकडं खरोखरच मापाची सोय निघाली. त्यांनी मोहनरावांच्या दोन्ही कानांत गुलाबी लगदा भरला, तो घट्ट होईपर्यंत बसवून ठेवलं आणि बाहेर काढला. मोहनराव आपल्याच कानाचा तो साचा हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. "डावा उजव्यावानी न्हाय की!" पन्नास वर्षं दोन्ही कान सारखे समजून वागलेल्या माणसाला धक्का बसणं साहजिक आहे. काही दिवसांनी त्या साच्याबरहुकूम मऊ बुचं आली. कानात घातली की बाहेर काही उरायचं नाही, हेल्मेटला लागायचं नाही, दिवसभर दुखायचं नाही. मधे बारीकशी जाळी. त्यातून समोरच्याचं बोलणं जरा दबून यायचं, पण वाऱ्याची गिरणी बंद. अविराजनं आठवणीनं त्यांच्या मापाचं हेल्मेटही घ्यायला लावलं.

पहिल्या दिवशी मोहनराव बारामतीहून परत आले, हेल्मेट काढलं, बुचं काढली आणि अंगणात तसेच उभे राहिले. मग बनाबाईंना म्हणाले, "अगं, डीपी बारीक झाली."

बनाबाई सवयीनं ओरडल्या, "काऽऽय झालं?"

"आगं, हळू! कानठाळ्या बसत्यात!"

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. माणसाला मापाची बुचं मिळाली, कान वाचले, सुखी झाला. पण सुखानं राहणं निरवांगी ते बारामती ह्या पट्ट्यात परवडत नाही.

समोर उभ्या माणसाचं बोलणं त्या जाळीतून यायचं. पण ऐंशीच्या वेगात, पाठीमागून, ओढ्याच्या मोरीवरून आलेली हाक? मोहनराव सरळ निघून जायला लागले. एक दिवस, दोन दिवस. रस्त्याकडेला बेअरिंगवाले, गोळ्यावाले, ब्लाऊजवाले घसा सुकेपर्यंत हाका मारत उभे, आणि मोहनराव ताठ मानेनं, नव्या हेल्मेटमध्ये, मंत्र्यासारखे पुढं.

पारावर चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, "हेल्मेट नवीन हाय. माणूस बदलला." दुसरा म्हणाला, "झेडपीला उभा ऱ्हाणार आसंल." तिसरा जास्त हुशार, "छ्या! उभा ऱ्हाणारा माणूस न बोलवता थांबतोय. ह्यो थांबत न्हाय, म्हंजे ह्येचं तिकीट कापलंय."

मोहनरावांना ह्यातलं काही कळेना, कारण हे सगळं त्यांच्या पाठीमागं चाललं होतं, आणि पाठीमागचं ऐकू येणं बंद झालं होतं.

शेवटी जे व्हायला नको होतं ते झालं. अंथुर्ण्याचे आप्पासाहेब हे बनाबाईंचे सख्खे मामा. सत्तरी पार केलेले, पांढरी टोपी, आवाज असा की शेजारच्या शिवारातला बैल थांबावा. गुडघ्याच्या तेलाची बाटली बारामतीहून आणायला सांगावी म्हणून त्यांनी मोहनरावांना हाक मारली. रीतीप्रमाणे, गाडी पुढं गेल्यावर. मोहनराव गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली. गेले. तिसऱ्या दिवशी आप्पासाहेब चार माणसं साक्षीला घेऊन उभे राहिले आणि हाक मारली. मोहनराव चार माणसांदेखत गेले.

निरवांगीच्या जत्रेला आप्पासाहेब दरवर्षी येतात. पाटावर पहिलं ताट त्यांचं. ह्या वर्षी ताट वाढलं, रस्सा निवला, मामा आले नाहीत. निरोप आला, "जावईबापूंची गाडी आता लई पळतीय. आमी म्हातारी माणसं, आमास्नी तिच्या धुळीत बसाय जमायचं न्हाय."

बनाबाईंचा आवाज पुन्हा भोंग्यावर गेला. ह्या वेळी कारण बहिरेपण नव्हतं. "माझ्या माहेरचं येक मानूस! त्येबी तुमी बुचं घालून घालवलं! ती बुचं चुलीत घालते का न्हाय बगा!" समोरून आत्याबाई: "घाल, घाल!"

मोहनरावांनी निमूट बुचं काढून फडताळात ठेवली. उघड्या कानांनी जाऊ लागले. हाका ऐकू येऊ लागल्या, बदकासारखं मागं येणं सुरू झालं, पारावर सगळे म्हणाले, माणूस सुधारला. महिन्याभरात डीपी पुन्हा पूर्ण दाबावर आली.

मग त्यांनी स्वतःच्या डोक्यानं मधला मार्ग काढला. लोक डाव्या बाजूला उभे असतात, पण हाक कुठल्याही एका कानानं ऐकता येते. मग एकच बूच घालावं. घातलं. कुठल्या कानात? डाव्या. "तो दुखणाईत हाय न्हवं, त्येला जपाय नगं?"

हे ऐकून श्रेया मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मोहनराव, चांगला कान वाऱ्यावर सोडून तुम्ही गेलेला जपताय! ह्या वेळी उजव्याचंही थोडं कमी आलंय. आता तुम्हीच ठरवा. लोकांच्या हाका ऐकायच्या आहेत, की पुढची वीस वर्षं काहीतरी ऐकायचं आहे?"

येताना मोहनराव गाडी चाळीसनं चालवत होते. त्यांना चाळीसनं चालवताना मी पहिल्यांदाच बघत होतो. अंथुर्ण्याच्या अलीकडं ते थांबले. "राव, लोकांस्नी हात कराय सांगू का?"

"सांगा की. त्यात काय?"

"त्यात काय म्हंजे? मी काय वाळूचा ट्रॅक्टर हाय?" मग गाडीला किक मारत म्हणाले, "आन् मामा तर कवाच हात करायचं न्हाईत."

दुसऱ्या दिवशी अविराज, मोहनराव आणि मी आप्पासाहेबांच्या दारात उभे होतो. बनाबाई आदल्या एसटीनं येऊन मामीजवळ बसलेल्या. आप्पासाहेब ओसरीत अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. वर बघितलं नाही.

"या. आज बरं थांबला?"

"मामा, मला ऐकाय आलं न्हाय. कानात बुचं हुती."

"बुचं पाण्याच्या टाकीला आसत्यात, जावईबापू. मानसाला नसत्यात. माजी हाक आतापतूर कुणाला ऐकाय गेली न्हाय, आसं झालं न्हाय."

"खरंच न्हाय आली, मामा."

"येवड्याशा बुचानं? पोराला सांगा."

वाद असाच सुपारी संपेपर्यंत चालला असता. पण अविराजनं खिशातून स्पंजच्या बुचांचं नवं पाकीट काढलं आणि म्हणाला, "आजोबा, तुम्हीच घाला आणि आण्णांच्या मागं बसा. सगळ्यांनी मिळून हाक मारू. ऐकू आली तर आण्णा खोटे."

आप्पासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. एवढ्याशा बुचानं हाक अडेल हे त्यांना शक्य वाटत नव्हतं, आणि जावयाला खोटं पाडायची संधी त्यांना सोडवेना. अविराजनं त्यांचा कान वर-मागं ओढला, बुचं बसवली, टोपी काढून हेल्मेट घातलं. मामा गाडीवर बसले. मोहनरावांनी मापाची बुचं घातली. गाडी पुढं जाऊन रस्त्याला लागली, आणि आम्ही सगळे, मामी, बनाबाई, गडीमाणसं, साक्षीचे ते चार, मोरीपाशी उभे राहून ओरडलो. मामी तर जन्माचं साठलेलं ओरडल्या. तेवढ्यात काय काय म्हणून घेतलं, ते इथं लिहिता येणार नाही.

गाडी सरळ पुढच्या जंक्शन गावापर्यंत गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. आप्पासाहेब उतरले. चेहरा देवळातून आल्यासारखा. अविराजनं बुचं काढायला हात पुढं केला, तर त्यांनी तो हात बाजूला सारला.

मामी धापा टाकत म्हणाल्या, "आवं, मी येवडी बोंबलत हुते, ऐकाय आलं का न्हाय?"

आप्पासाहेब त्यांच्याकडं प्रेमानं बघत राहिले. मग आमच्याकडं वळून, नको तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "कायबी ऐकाय आलं न्हाय! जावईबापूंची चूक न्हाय! ही बुचं हितंच ऱ्हाऊ द्या!"

बुचं मामांकडं राहिली. गुडघ्याचं तेल मोहनरावांनी त्याच दिवशी आणलं. राहिला प्रश्न बाकीच्या रस्त्याचा. तो आप्पासाहेबांनीच सोडवला, साक्षीच्या चौघांसमोर. हाक पोचत नाही. हात करायचा नाही, आपण काय एसटीला उभे नाही. मग ज्याला मोहनराव पाहिजेत त्यानं रस्त्याकडंच्या बाभळीला टॉवेल बांधायचा. टॉवेल दिसला की जावईबापू थांबतील. माणूस रस्त्यावर हजर पाहिजे असंही नाही, मोहनरावांनी आत येऊन विचारावं. चौघांनी माना डोलावल्या. इतका सोपा, इतका मानाचा तोडगा निघाल्याचा सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. टॉवेल धुऊन वाळतही घालतात, हे तिथं हजर असलेल्या एकाही शहाण्याला आठवलं नाही.

त्या दिवसापासून मोहनराव निरवांगीहून बारामतीला दुपारी पोचतात. प्रत्येक दारात टॉवेल आहे. प्रत्येक दारात ते गाडी लावतात, हेल्मेट काढतात, बुचं डबीत ठेवतात आणि आत डोकावून विचारतात, "काय आणायचं?" न्हाणीतून कुणीतरी ओरडतं, "कोन हाय? माजा टॉवेल द्या आधी!" मोहनराव टॉवेल देतात. रस्त्यात एका केशकर्तनालयासमोर तारेवर ओळीनं टॉवेल वाळत असतात. तिथं तर पहिल्या आठवड्यात ते रोज थांबले. आत गेलं की न्हावी खुर्ची पुसतो. आठवड्याभरात त्यांची इतकी दाढी झाली की हनुवटीची साल निघाली. मी म्हणालो, "अहो, न्हाव्याच्या टॉवेलला कशाला थांबता?"

"आन् त्येला खरंच काय काम आसलं तर?"

एक मात्र आहे. दर पावलाला थांबायचं म्हटल्यावर गाडीचा काटा चाळिसाच्या वर जातच नाही. मॅडमनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी जी दवाखान्याच्या पायरीवर राहिली होती, तीही अशी आपोआप घडली. परवाच्या तपासणीत उजवा कान होता तिथंच थांबलेला निघाला. बटणसुद्धा मोहनरावांनी मधून मधून सोडलं.

गेल्या आठवड्यात सकाळी मी निरवांगीहून त्यांच्यामागं बसून बारामतीला निघालो. अविराजच्या हुकमावरून मलाही स्पंजची बुचं घालावी लागली होती. गाडी अंगणातून निघाली, फाटकाबाहेर वळली आणि तिथंच थांबली. फाटकाला निळ्या चौकड्यांचा टॉवेल बांधला होता. त्यांचाच.

मला वाटलं, झालं, आता स्वतःच्या घरी जाऊन विचारणार काय आणायचं. मोहनरावांनी इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, एक एक बूच काढून डबीत ठेवलं. बनाबाई पदर खोचत फाटकाशी आल्या. त्यांनी जावेच्या दाराकडं बघितलं, समोरच्या घराकडं बघितलं. मग पुढं वाकून, मोहनरावांच्या उजव्या कानाशी, हळूच एक वाक्य बोलल्या.

मोहनराव हसले. हसताना त्यांचे कान लाल झाले. ते हळूच काहीतरी म्हणाले. मग बनाबाईही हसल्या, तोंडावर पदर घेऊन, आणि टॉवेल सोडून आत गेल्या.

मी घाईघाईनं एक बूच उपसलं. "काय म्हणाल्या?"

"काय न्हाय, राव," मोहनराव बुचं पुन्हा कानात बसवत म्हणाले. "बसा नीट."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि आत्याबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा सगळा चेहरा अन्याय झाल्यासारखा.

"बनाबाईऽऽ! आगं, काय म्हणालीस गं त्यास्नी? हितं कायसुदीक आलं न्हाय!"